कॅसेटवाली नव्हती ती

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. कुणी त्या बाईंचा विषय काढला की मी चहा सांगायला उठायचो, नाहीतर वायर गुंडाळत बसायचो. माझा धंदा साउंडचा. धारवाडात सुभाष रोडला एका बोळाच्या तोंडाशी दुकान होतं. लग्न, भाषण, नाटक, गणपती, जिथं बोलावतील तिथं कर्णे आणि पेट्या घेऊन जायचो. वडील शाळामास्तर. मुलगा वकील व्हावा असं त्यांच्या मनात होतं आणि मुलगा लाउडस्पीकरवाला झाला. त्यावर ते कधी काही बोलले नाहीत, पण माझ्या दुकानाची पायरीही चढले नाहीत.

बाई शेजारच्या हुबळीच्या. रेल्वे कॉलनीत वाढलेल्या, घरात मराठी आणि दारात कन्नड. तरुणपणी मुंबईला गेल्या आणि डिस्कोच्या दिवसांत त्यांचं एक गाणं असं गाजलं की आमच्याकडे वरातीचे बँडवालेही तेच वाजवू लागले. लोक माइक टेस्टिंगला हॅलो हॅलो म्हणतात. मी त्यांचं ते गाणं लावायचो. त्यातली वरची तान कर्ण्यातून न फाटता बाहेर पडली, की समजायचं सगळं जमलं. तो आवाज नव्या स्टीलच्या ताटासारखा लख्ख होता. माझ्याकडच्या त्या कॅसेटचं कव्हर हाताळून हाताळून पांढरं पडलं होतं.

मग डिस्को मागे पडला, मुंबईत दुसरे आवाज आले आणि बाई हुबळीला, त्याच कॉलनीत बहिणीकडे परत आल्या. नव्वदच्या दशकात त्या आमच्या भागातल्या ऑर्केस्ट्रांत गाऊ लागल्या. पन्नाशीकडे झुकल्या होत्या, पण स्टेजवर आल्या की पायात अजून स्प्रिंग होती.

त्यांच्या प्रत्येक कार्यक्रमाला पहिल्या रांगेत चार-पाच जण ठरलेले असायचे. आम्ही त्यांना चंदेरी शर्टवाले म्हणायचो. त्यांचा म्होरक्या हुबळीतल्या लॅमिंग्टन रोडचा एक शिंपी. डिस्कोच्या ऐन भरात त्यानं स्वतःला आणि दोस्तांना एकाच ताग्यातून चकचकीत चंदेरी शर्ट शिवले होते. त्यात एक रिक्षावाला होता, एक बेकरीवाला, आणि एका हायस्कुलातले गणिताचे मास्तरसुद्धा. मास्तर घरून साध्या शर्टात निघायचे आणि शिंप्याच्या दुकानात बदलायचे. बाईंना ते सगळे ‘अक्का’ म्हणत. गाणं चांगलं झालं तर नाचत, साधारण झालं तरी नाचत. मी शिंप्याला एकदा म्हटलंही, “अहो, आज सूर जरा खाली होता की.”

“असू दे की अण्णा,” तो म्हणाला. “माझी कंबर पण खाली आलीय. मी मापं घ्यायचं सोडलं काय?”

मी हसलो, पण मला ते पटलं नव्हतं. मला वाटायचं, यांना आवाजातलं काही कळत नाही. खरा चाहता मी. तो लख्ख आवाज माझ्या कानात जसाच्या तसा होता, आणि त्याहून कमी काही ऐकायची माझी तयारी नव्हती.

त्या वर्षी हुबळीतल्या एका मंडळानं गणपतीत बाईंचा कार्यक्रम ठेवला. वादक गदगहून यायचे होते. त्यांची गाडी वाटेत बंद पडली आणि ते येणार नाहीत असा दुपारी निरोप आला. बाई घाबरल्या नाहीत. अशा वेळेसाठी त्या जवळ एक कॅसेट ठेवायच्या. त्यात त्यांच्या गाण्यांचं नुसतं संगीत होतं, आवाज नव्हता. ती लावायची आणि वर आपण गायचं. ती त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली. मग टेस्टिंगसाठी स्टेजवर गेल्या, गळ्याला मफलर गुंडाळलेला, आणि नुसतं गुणगुणल्या. तान आली तिथं थांबल्या, हातानं “पुढे, पुढे” अशी खूण केली आणि खाली उतरल्या.

दुपारी गळा राखून ठेवायची गायकांची रीत असते. वीस वर्षं धंदा केलेल्या माणसाला हे माहीत नसेल असं नाही. तरी मी मनात म्हटलं, संपला. आवाज संपला हिचा.

माझ्या पेटीत ती बाजारातली जुनी कॅसेट होती. तेच गाणं, तेच संगीत, फक्त त्यावर बाईंचा तरुणपणीचा आवाज. मी ठरवलं, हीच लावायची आणि बाईंचा माइक बंद ठेवायचा. त्या गातील, ओठ जुळतील, लोकांना कळणार नाही आणि बाईंची अब्रू राहील. त्यांना विचारलं नाही. विचारलं असतं तर त्या नको म्हणाल्या असत्या. मी त्यांना वाचवतोय असं मी स्वतःला सांगत होतो. आज सरळ लिहितो: मला तो जुना आवाज ऐकायचा होता.

संध्याकाळी दिवे लागले, मंडप भरला. गाणं सुरू झालं आणि कर्ण्यांतून तो लख्ख आवाज बाहेर पडला. लोकांनी टाळ्या धरल्या. चंदेरी शर्टवाले उठून उभे राहिले. बाईंच्या समोरही एक पेटी होती, त्यांना स्वतःचं गाणं ऐकू यावं म्हणून. त्यातून त्यांना आपलाच पंधरा वर्षांपूर्वीचा आवाज ऐकू आला असणार. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. गाणं न थांबवता हात खाली केला, म्हणजे हे बंद कर. मी आवाज थोडा कमी केला, जणू त्यांना तेवढंच हवं होतं. त्या स्टेजच्या कडेला आल्या आणि माइकवर बोट आपटून दाखवलं. मी मान खाली घालून बटणांत डोकं खुपसलं.

हुबळी-धारवाडचा भाद्रपद म्हणजे दमट हवा, त्यात टेप जुनी. तानेच्या ऐन तोंडाशी ती गुंतली. आवाज रेड्याच्या रेकण्यासारखा ओढत ओढत गेला आणि बंद पडला. स्टेजवर बाई तान घेत होत्या. गळ्याच्या शिरा ताठ झालेल्या दिसत होत्या, पण कर्ण्यांतून काही येत नव्हतं. मी माइकचं बटण वर केलं तोवर त्यांनी तोंड मिटलं होतं.

मागून कुणीतरी ओरडलं, “कॅसेट री, कॅसेट!” मग सगळा मंडपच ओरडू लागला. चुरमुऱ्यांच्या गिरमिटाचे कागद उडाले, शिट्ट्या झाल्या. बाईंनी माइक स्टँडला लावला, लोकांना नमस्कार केला आणि खाली उतरल्या. सरळ माझ्या टेबलाशी आल्या.

“अण्णा, माझा माइक कुठं होता?”

“लाइनीत बिघाड झाला, बाई.”

टेबलावर त्यांची कॅसेट तशीच डबीत होती. उघडलेलीसुद्धा नव्हती. त्यांनी ती पाहिली, मग मशीनमधून लोंबणारी टेप पाहिली. आपली डबी उचलून पर्समध्ये टाकली आणि गेल्या. 

दुसऱ्या दिवशी मी सामान सोडवायला गेलो तेव्हा मंडळाचे सेक्रेटरी चार माणसांत उभे होते. “काय हो, ती कॅसेट कुणाची?” त्यांनी विचारलं. सीझनचे दिवस. साउंडवाल्यानं घात केला असं पसरलं असतं तर मला कुणी दारात उभं केलं नसतं. मी म्हटलं, “कॅसेट बाईंनीच दिलेली.”

त्यांनी कॅसेट दिली होती, हे खरंच होतं. म्हणूनच ते वाक्य तोंडातून इतकं सहज निघालं.

गणपती विसर्जनाच्या आत ते धारवाडला पोचलं, तिथून बेळगावला आणि गदगला. बाईंना ‘कॅसेटवाली’ म्हणू लागले. पुढच्या वर्षी त्यांना कुणी बोलावलं नाही, त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. माझा धंदा मात्र चालू राहिला. घरी बायकोला सगळं सांगितलं होतं. तिनं ताटात भाजी वाढता वाढता एवढंच म्हटलं, “अहो, जाऊन सांगून टाका की. कॉलनी काय लांब आहे?” दर दिवाळीला ती हे म्हणायची. मग कधीतरी म्हणायचं सोडलं. ते जास्त जड गेलं.

एकदा हुबळीहून परतताना त्या माझ्याच बसमध्ये चढल्या. कापडी पिशवी, गळ्याला तोच मफलर. माझ्यापासून दोन बाकांवर पुढे बसल्या. मला वाटलं, आता उठावं आणि बोलावं. माझं तिकीट धारवाडचं होतं. मी मधेच, नवनगरला उतरलो आणि पुढच्या बसची वाट पाहत उभा राहिलो.

बरीच वर्षं गेली. दोन हजार साल उलटून गेलं, कॅसेटी जाऊन सीडी आल्या. गुडघ्यांमुळे मी दुकान जवळजवळ बंदच केलं होतं. एक दिवस शिंपी जिना चढून घरी आला. केस सगळे पिकलेले.

“अण्णा, अक्कांचा कार्यक्रम करतोय. नवनगरला, एका हॉलमध्ये. आम्हीच मिळून. साउंडला तुम्ही बसायचं.”

“मी? आता पोरं आहेत चांगली. मशीनं पण नवी आहेत.”

“पोरांना काय अक्का माहीत? तुम्ही जुने.” मग जरा आवाज उतरवून म्हणाला, “त्या दिवशीचं मनात धरू नका. लोक अजून बोलतात, कॅसेट लावली, कॅसेट लावली म्हणून. मी त्यांना विचारतो, लावली तर लावली. कॅसेटवर गातंय कोण? अक्काच ना? बिडरी, सोडून द्या. आम्ही कधीच माफ केलं त्यांना.”

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला. बायको ऐकत होती. मी म्हटलं, “येतो.”

हॉल लहान होता, तरी भरला होता. त्या गाण्यावर ज्यांच्या वराती निघाल्या होत्या ते लोक आता सुना-जावयांना घेऊन आले होते. चंदेरी शर्टवाले आले. शर्टांना काळपट झाक आली होती, बटणं लागत नव्हती म्हणून आत बनियनच्या जागी पांढरे शर्ट घातले होते. मास्तर रिटायर झाले होते आणि या वेळी घरूनच चंदेरी शर्ट घालून निघाले होते. कुणीतरी चेष्टा केली, “काय मास्तर, आज बायकोला कळलं?” ते म्हणाले, “तिनंच इस्त्री करून दिला.”

बाई साठी ओलांडलेल्या. एक ढोलकवाला आणि एक कीबोर्डवाला, बस. मी त्यांच्या माइकचं बटण वर केलं आणि पूर्ण वेळ त्यावरून बोट काढलं नाही.

त्यांनी ते गाणं पट्टी उतरवून, सावकाश गायलं. आवाज जाड झाला होता, त्यात थोडी खरखर होती. तानेच्या जागी त्यांनी तान घेतली नाही. तो सूर खालून धरून नुसता लांबवला आणि हसल्या. हॉलमधल्या म्हाताऱ्या माणसांनी तान स्वतःच पुरी केली, बेसूर, सगळ्यांनी मिळून. बाईंचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला असं मला वाटलं. इतकी वर्षं मी टेपच ऐकत आलो होतो.

मग सत्कार. शिंप्यानं शाल घातली आणि माइक घेतला. “अक्का, मागे काय झालं ते झालं,” तो म्हणाला. “आम्ही कधी मनात ठेवलं नाही. तुम्ही पण ठेवू नका.” टाळ्या पडल्या. बाईंचा चेहरा क्षणभर दगडासारखा झाला. आपण न केलेल्या गोष्टीची माफी त्यांना सगळ्यांसमोर मिळत होती, आणि ती इतक्या प्रेमानं दिलेली होती की परत करता येत नव्हती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. शिंप्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, “नाही रे ठेवत.”

माझ्या समोर टेबलावर एक जादा माइक होता, चालू. उठायचंही नव्हतं, नुसता तोंडाजवळ धरायचा होता. मी वायर गुंडाळायला घेतली.

निघताना त्या टेबलापाशी थांबल्या. “आज माइक चालू होता, अण्णा,” त्या म्हणाल्या. टोमणा होता की आभार, मला अजून कळलेलं नाही. मी उभा राहिलो. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात बेकरीवाला केकचा डबा घेऊन आला, रिक्षावाल्यानं बाहेर हॉर्न दिला, आणि मी म्हणालो, “आवाज छान लागला, बाई.”

“हो का,” त्या म्हणाल्या आणि रिक्षात बसल्या.

पुढे त्या पुण्याला भाचीकडे राहायला गेल्या आणि तिथंच वारल्या. शिंप्यानं फोन करून सांगितलं. फोनवर तो रडला, आणि रडता रडता पुन्हा म्हणाला, “मनात काही न ठेवता गेल्या बघा.” त्याला हे लिखाण मी स्वतः लॅमिंग्टन रोडला जाऊन देणार आहे. तो माझ्याशी बोलायचं सोडेल, आणि त्यानं सोडावंच. पण ज्यांना पहिल्यांदा सांगायला हवं होतं त्या आता नाहीत. त्या दिवशी बसमध्ये दोन बाकांवर मागे बसून जे मनात जुळवलं होतं, ते एवढंच होतं: बाई, तुम्ही गात होता. माइक मी बंद ठेवला होता, आणि नाव तुमचं सांगितलं. मला माफ करा.