करार कायद्यातल्या मधमाश्या

शनिवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी बोलक्या पुस्तकांच्या ग्रंथालयातला फोन वाजला आणि किल्लीकाकांनी तो नेहमीप्रमाणे तिसऱ्या घंटेला उचलला. पहिल्या घंटेला उचलला तर माणूस रिकामटेकडा वाटतो, पाचव्यापर्यंत थांबला तर शिष्ट वाटतो, असा त्यांचा हिशेब होता.

"काका, करार कायद्याच्या सातव्या प्रकरणात मधमाश्या आल्यात," पलीकडून आवाज आला.

"कुठून आल्या?"

"ते तुम्ही सांगायचं! मी ऐकतेय वचनभंग आणि नुकसानभरपाई, तर एक बाई सांगतायत, राणीमाशीला डिवचू नका. सोमवारी नऊला माझा पेपर आहे, काका. सातपासून तेरापर्यंतची उजळणी व्हायचीय."

ही मुलगी जन्मापासून पाहू शकत नव्हती आणि कायद्याच्या शेवटच्या वर्षाला होती. काका तिला आत्तापासूनच वकीलबाई म्हणत. गेली चार वर्षं ती ग्रंथालयाच्या पुस्तकांवरच शिकत आली होती. इथे वाचक येत, काचेच्या खोलीत बसून पुस्तकं मोठ्याने वाचत, आणि ते आवाज कंप्युटरमध्ये साठवले जात. वकीलबाईंसारखे शे-दोनशे लोक घरबसल्या फोनवरून ते ऐकत. त्यामुळे एखादं प्रकरण हरवलं, तर तिच्यासाठी पुस्तकाची पानंच फाटल्यासारखी होती.

"दुपारपर्यंत मधमाश्या हाकलतो," काका म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

किल्लीकाका इथे बत्तीस वर्षांपूर्वी पहारेकरी म्हणून लागले होते. तेव्हा पुस्तकं टेपवर होती, टेप सहा लोखंडी कपाटांत होत्या, आणि कपाटांच्या किल्ल्या काकांच्या कमरेला. कोणती टेप कुठे, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येई. पुढे टेप गेल्या, कंप्युटर आला. व्यवस्थापक बाईंनी सगळ्या आवाजांचे फोल्डर सांभाळायचं काम बाहेरच्या कोणाला न देता काकांनाच शिकवलं. फोल्डरचं नाव बदलायचा अधिकार सबंध ग्रंथालयात फक्त त्यांना होता. काकांनी फोल्डरही कपाटांसारखेच लावले. कपाट तीन, खण दोन, प्रकरण सात. यंत्राला शिस्त लावायची तर घरातलीच लावावी, असं ते म्हणत.

त्यांची आणखी एक सवय होती. एखादी वस्तू हलली की ते एक कार्ड लिहीत: 'इथून उचललं, इथे ठेवलं', खाली तारीख आणि वेळ. ही कार्डं बुटाच्या खोक्यात रांगेने उभी असत. घरीही तेच. बायकोने एकदा विचारलं होतं, "मला माहेरून उचललंत, त्याचं आहे का कार्ड?"

"आहे की," काका म्हणाले. "फक्त परत ठेवायचा रकाना कोरा सोडलाय."

त्यावर ती तोंडाला पदर लावून जी हसली, ते काकांना अजून आठवे.

आता मात्र हसायचं काही नव्हतं. काकांना पहिली शंका आली, की कोणी करार कायद्यावर दुसरं वाचन चढवून मूळचं पुसून टाकलं की काय. तसं असेल तर सात प्रकरणं पुन्हा वाचून घ्यायला आठवडा लागला असता. सोमवार तर परवावर आला होता. त्यांनी वकीलबाईंना परत फोन लावला.

"बाराव्या प्रकरणात काय ऐकू येतं?"

"काहीच नाही. फाइल सापडली नाही, म्हणतं."

"सापडली नाही म्हणतं, की उघडायची परवानगी नाही म्हणतं? नीट ऐका. घर बंद असणं वेगळं आणि घरच नसणं वेगळं."

"सापडली नाही. आणि अकरावं उघडतं, पण त्यात मध गाळायची रीत आहे."

काका खुर्चीतच थबकले. मधमाशीपालनाचं पुस्तक अकराच प्रकरणांचं होतं. त्याला बारावं नव्हतंच! म्हणजे पुसलं काहीच गेलं नव्हतं. यंत्राची यादी प्रत्येक पुस्तकाचा पत्ता धरून ठेवते आणि बरोब्बर त्या पत्त्यावर जाते. जाऊन दार वाजवलं, तर पत्ता तोच, बिऱ्हाड मात्र भलतंच.

मग बिऱ्हाडं बदलली कोणी? काकांनी खोकं पुढे ओढलं. सगळ्यात पुढची सहा कार्डं कालचीच होती, शुक्रवार, संध्याकाळी पाच चाळीसची, आणि अक्षर त्यांचं स्वतःचं.

झालं होतं असं, की आठवडाभर ग्रंथालयाला रंग दिला जात होता. रंगाऱ्यांनी लोखंडी कपाटं मध्ये ओढली आणि काम संपल्यावर जशी हाताला लागली तशी भिंतीला लावली. दारापासून मोजलं तर पाचवं कपाट तिसरं झालं होतं आणि तिसरं खिडकीशी गेलं होतं. काकांनी आधी कपाटांवरचे आकडे नव्याने रंगवून घेतले. मग त्यांना वाटलं, खोलीत एक आणि यंत्रात दुसरं, हे काही खरं नव्हे. म्हणून घरी जायच्या आधी त्यांनी यंत्रातल्या सहाही फोल्डरांची नावं खोलीप्रमाणे बदलली आणि दिवसभराचं काम हातावेगळं झाल्याच्या समाधानात दिवा मालवला.

ते उठून व्यवस्थापक बाईंच्या टेबलाशी गेले. कमरेची किल्ली काढून पुढे ठेवली. "बाई, चोर घरातलाच निघाला," असं म्हणून त्यांनी कार्डं दाखवली आणि काहीही न लपवता सगळं सांगितलं. "नाव बदलायचा अधिकार माझ्याकडून काढून घ्या."

बाईंनी कार्डं दोनदा वाचली. ओठ घट्ट आवळले, पण हसू डोळ्यांतून निसटलंच.

"काका, तुम्ही घर बदललंत तेव्हा आडनाव बदललंत का?"

"नाही."

"मग फोल्डरचं कशाला बदललंत? कपाट खिडकीशी गेलं म्हणून त्यातली पुस्तकं काय सासरी गेली? जा, आधी त्या मुलीचं बघा. आणि ही किल्ली उचला, माझ्या टेबलावर आधीच पसारा आहे."

काका कामाला लागले. सहा नावं एकमेकांत अडकलेली होती. तीनला पाच म्हणावं तर पाच आधीच हजर. म्हणून त्यांनी एका फोल्डरला तात्पुरतं 'पाहुणा' असं नाव देऊन बाजूला बसवलं आणि कार्डं उलट्या क्रमाने वाचत एकेकाला आपल्या जागी आणलं. चार फोल्डर सुतासारखे सरळ आले. पाचव्याला यंत्र अडून बसलं: हा फोल्डर वापरात आहे.

वापरत होते पोस्टमास्तर. निवृत्त झाल्यापासून ते रोज सकाळी येऊन काचेच्या खोलीत एक प्रवासवर्णन वाचत, आणि त्यांचा आवाज त्याच फोल्डरात उतरत होता. दारावर लाल दिवा होता. लाल दिवा असताना दार वाजवायचं नाही, हा नियम पंचवीस वर्षांपूर्वी काकांनीच केला होता आणि एकदा त्यापायी खुद्द अध्यक्षांना दाराबाहेर उभं केलं होतं.

काका काचेशी गेले आणि हात हलवू लागले. पोस्टमास्तरांनी वर पाहिलं. त्यांना वाटलं, वाचन आवडलं म्हणून दाद देतायत. त्यांनी मान तुकवली आणि बर्फाचं वादळ जास्तच रंगवून वाचायला घेतलं. काकांनी दोन्ही हात हलवले, तसा वादळाचा आवाज आणखी चढला.

शेवटी काकांनी खोक्यातलं एक कोरं कार्ड घेतलं, ठळक अक्षरांत लिहिलं, 'थांबा. प्रकरण संपल्यावर नाही. आत्ता', आणि काचेला लावलं.

दिवा विझला. पोस्टमास्तर बाहेर आले. "अहो, ऐन वादळात अडवलंत!"

"माझ्या वादळापुढे तुमचं काहीच नाही," काका म्हणाले आणि यंत्राकडे धावले.

पाऊण वाजता सहाही फोल्डरांना आपापली नावं परत मिळाली. पोस्टमास्तरांच्या सकाळच्या वाचनाची यादीत फोल्डरच्या कालच्या नावाने नोंद झाली होती, तेवढा एक दुवा हाताने जोडावा लागला. मग काकांनी एकेक पुस्तक मधूनच उघडून ऐकलं आणि फोन उचलला.

"वकीलबाई, सातवं लावा."

मग फोनमधून बारीक खोकल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ 'वचनभंग झाल्यास' असे शब्द. करार कायदा वाचणारे गृहस्थ प्रत्येक प्रकरणाआधी एकदा खोकत.

"खोकले, काका, खोकले!" ती ओरडली.

"आता बारावं लावा. मग तेरावं." तेरावं खोकल्यावरच काकांनी डबा उघडला. भाजी पार गार झाली होती.

एकच गोष्ट त्यांना खुपत राहिली. यंत्रात आता जुने आकडे होते आणि कपाटांवर नवे. त्यांनी रंगाचा डबा मागवला आणि सगळ्या कपाटांवरचा आपलाच नवा आकडा पुसून जुना लिहिला. दारापासून मोजत येणाऱ्याला चार, एक, पाच, सहा, दोन, तीन असं दिसे. बघणारा बुचकळ्यात पडला तर काका म्हणत, "जागा बदलली हो, माणसं तीच आहेत."

सोमवारी सव्वाबाराला फोन वाजला. काकांनी तो पहिल्याच घंटेला उचलला.

"नऊतले आठ प्रश्न सोडवले, काका. नुकसानभरपाई आलीच होती."

"आणि नववा?"

"नववा सोडायचाच होता. आता माझं एक काम करा. त्या मधमाशीवाल्या बाई कुठल्या कपाटात असतात? राणीमाशी गेल्यावर पुढे काय झालं, ते शनिवारपासून डोक्यात घोळतंय."

"कपाट पाच, खण दोन," काका म्हणाले. "आणि आता त्या तिथेच सापडतील."