चांदमारीची माती

सरकारी नोकरीत माणूस काही ना काही जमवतोच. कोणी जागा जमवतो, कोणी ओळखी, निदान दुखणी तरी. माझ्याजवळ किस्से जमले, आणि तेही कचेरीतले नाहीत. कचेरीत सगळं नियमानं चालायचं, त्यामुळे सांगण्यासारखं तिथं काही घडलंच नाही. जे घडलं ते रविवारी सकाळी, सिंदी मेघेच्या पुढच्या माळावर, आमच्या रायफल क्लबात. जुन्या मंडळींपैकी कोणी भेटलं की अजूनही विचारतं, "काय सेक्रेटरी, निशाण कसं काय?" मी त्यांना चहा पाजतो आणि विषय बदलतो. आज बदलत नाही.

* * *

आमचा जिल्हा तेव्हा मध्यप्रदेशात होता. आमचे साहेब नागपूरला मीटिंगला गेले आणि येताना डोक्यात रायफल क्लब घेऊन आले. नागरिकांना नेम धरता आला पाहिजे, असं वरून आलं होतं. आता आमचं वर्धा म्हणजे दर दोन घरांआड टकळी फिरणारं गाव. इथले लोक डास मारतानाही एकदा इकडेतिकडे बघून घेत. पण वरून आलेलं खाली उतरवायचं असतं, आणि खाली मी होतो.

कचेरीत शस्त्रांच्या परवान्यांचं टेबल माझ्याकडे होतं. साहेबांनी बोलावलं. "सेक्रेटरी तुम्ही. तुम्हाला बंदुकीची माहिती आहे."

"साहेब, मला बंदुकीच्या फायलीची माहिती आहे."

"तेच ते," साहेब म्हणाले.

पुढं त्यांच्याच हस्ते उद्घाटन झालं. साहेबांनी पहिली गोळी झाडली आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. निशाणाला काय झालं हे बघायला कोणी गेलं नाही. क्लबाची परंपरा तिथंच पडली म्हणायची.

* * *

क्लबाची घटना धाबे वकिलांनी लिहिली. वकील फौजदारीत नावाजलेले, आणि फुकट काम करायला मिळालं की त्यांची लेखणी थांबत नसे. त्या घटनेत एक कलम होतं: नवा सेक्रेटरी मिळेपर्यंत जुनाच काम पाहील. मला ते वाचताना फार समंजस वाटलं. नवा मिळायला असा किती वेळ लागणार!

माझी अडचण एवढीच होती की चांदमारी, म्हणजे नेमबाजीचा सराव, रविवारी आठ ते अकरा चालायची, आणि आमच्या वाचनालयात नवी पुस्तकंही रविवारी आठ ते अकराच द्यायचे. आठवडाभर कचेरीत दुसऱ्यांचं लिहिलेलं वाचायचं आणि रविवारी आपल्या पसंतीचं आणायचं, एवढीच माझी चैन. ती गेली. माझ्याऐवजी बायको वाचनालयात जाऊ लागली. पहिल्याच रविवारी तिनं मधमाश्या पाळण्यावरचा ग्रंथ आणला.

"हा कशाला?" मी विचारलं.

"अहो, जाड आहे. आठवडाभर पुरेल."

त्या काळात मी मधमाश्या, गुरांचे रोग आणि विहिरींचं बांधकाम या विषयांत चांगलाच तयार झालो. दर वर्षीच्या सभेत मी हात जोडून म्हणायचो, "यंदा दुसरा कोणी बघा." सभा टाळ्या वाजवायची. मग धाबे वकील उठून ते कलम वाचून दाखवायचे. मध्यंतरी राज्यांची फेरमांडणी झाली, आम्ही मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेलो. राजधानी बदलली, कायदे बदलले, कचेरीवरची पाटी बदलली. वाटलं, एवढ्या उलथापालथीत आपलाही नंबर लागेल. राज्य बदललं, सेक्रेटरी बदलला नाही.

* * *

सभासद होण्यासाठी दोन सभासदांची शिफारस लागे. सुरुवातीला सभासदच नव्हते. धाबे वकिलांनी यावर तोड काढली: त्यांनी डॉक्टर पिंपळ्यांची शिफारस केली, डॉक्टरांनी त्यांची केली, आणि दोघांनी एकाच क्षणी सही केली. कोण आधी हा प्रश्न नको म्हणून मी 'एक, दोन, तीन' म्हटलं.

तरी पुढं कोणी येईना. शेवटी माळावर पाटी लावली: 'सभासदांखेरीज प्रवेश नाही.' पुढच्या रविवारी रांग लागली. ज्यांना आयुष्यात फटाक्याची वात पेटवता आली नव्हती तेही आले. कपाशीचे एक मोठे व्यापारी होते, आम्ही त्यांना नुसतं सेठजी म्हणायचो. त्यांनी छातीवर लावायचा बिल्ला आधी मागून घेतला आणि मग माझ्या कानाशी येऊन विचारलं, "नेम धराले मुनीमजी पाठवला तं चालन काय?"

मी नाही म्हटलं.

सेठजींना मनापासून नवल वाटलं. "कोर्टात चालते, बँकेत चालते, मयतीलेही चालते. तुमच्याच इथं काऊन नाई?"

* * *

डॉक्टर पिंपळे खादी वापरत आणि रोज नेमानं सूत काढत. साहेबांना नाही म्हणता आलं नाही म्हणून ते क्लबात आले. निशाणाचे कागद आले, त्यांवर माणसाची आकृती होती. डॉक्टरांनी रायफल खाली ठेवली. "मी माणसं बरी करतो," ते म्हणाले.

कमिटी बसली. माणूस काढून गोल काढा, असं ठरलं. डॉक्टर गोलाकडे बराच वेळ बघत राहिले. गोलसुद्धा कोणाच्या तरी डोक्यासारखा दिसतो, असं त्यांचं म्हणणं पडलं. कमिटी पुन्हा बसली. हिवाळा संपत आला तेव्हा ठराव झाला की डॉक्टरांपुरता कागद कोराच लावावा.

डॉक्टरांनी आपल्या वाटणीच्या गोळ्या झाडल्या. कागद काढून आणला तो तसाच कोरा. मी काही बोलणार तोच डॉक्टर कपाळावरचा घाम पुसत अगदी समाधानानं म्हणाले, "देवाची कृपा. कोणालाच लागलं नाही."

* * *

नियम असा होता की पहिल्या वर्षात पाचांपैकी तीन गोळ्या कागदावर लागल्या नाहीत तर सभासदत्व रद्द. हा नियमही धाबे वकिलांनीच लिहिला होता, आणि पहिल्यांदा लागू झाला तो त्यांनाच. त्यांचा कागद मी उन्हात धरून बघितला. एक भोक नाही.

"क्लबानं मला पाच गोळ्या दिल्या?" वकिलांनी विचारलं.

"दिल्या."

"मी परत केल्या?"

"नाही."

"म्हणजे त्या गेल्या. गेल्या म्हणजे कुठंतरी पोचल्या. कुठं पोचल्या, हा वेगळा दावा आहे. तो तुम्ही स्वतंत्र लावा."

सभासदत्व कायम राहिलं. पुढं प्रत्येक सभासदानं हाच युक्तिवाद केला, आणि मला प्रत्येकाचा ऐकून घ्यावा लागला.

* * *

माळाला लागून सुखदेवचं शेत आणि घर. तो एका रविवारी तक्रार घेऊन आला. "बाबू, तुमच्या या फटाक्यानं म्हस दूध चोरून राह्यली."

गुरांच्या रोगांचा ग्रंथ मी नुकताच संपवला होता. मी त्याला बरंच समजावलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हशीनं वाचलं नाई ना जी थे."

दूध काढायच्या वेळा पुढं-मागं करून बघितल्या. नंतर तो आलाच नाही, मी विसरलो. मग एकदा काडतुसं संपली, वरून यायला वेळ लागला आणि दोन-तीन रविवार चांदमारी बंद राहिली. मी आनंदानं वाचनालयात जायला निघालो तर दारात सुखदेव.

"काऊन बंद केलं जी? म्हस पान्हा सोडून नाई राह्यली."

धाबे वकील माझ्याकडंच आलेले होते. "रोज तर आम्ही नसतोच की. रोज देते ना दूध?"

"रोज देते. रविवारी आवाजाची वाट पाह्यते."

"म्हशीला वार कळतो?"

"तुमाले कळते ना जी?" सुखदेव म्हणाला.

काडतुसं येईपर्यंत मी दर रविवारी गोठ्यामागं उभं राहून पत्र्याचा डबा वाजवला. सेक्रेटरीची कामं घटनेत कुठं संपतात हे लिहिलेलं नव्हतं.

* * *

आता मातीचं. चांदमारीत निशाणामागं गोळ्या अडवायला मातीचा उंच ढीग लागतो. त्याला साहेबी भाषेत बट म्हणतात. आमची काळी माती कामाची नाही. ती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात वाहते. मुरमात खडे असतात, आणि खड्यावर गोळी लागली तर उलटी येते. म्हणून जुन्या गावठाणातली पांढरी माती बैलगाड्यांनी आणायची, आणि नियमाप्रमाणे बारीक चाळून तिचा ढीग घालायचा. हे काम मी पावसाळा सरल्यावर उभं राहून करून घेत असे.

आता चाळलेली पांढरी माती म्हणजे काय, हे आमच्याकडच्या कुठल्याही बाईला विचारा. दिवाळीच्या तोंडावर भिंती पोतारायला याहून चांगली माती नाही. एरवी त्या बिचाऱ्या खणायच्या, वाहायच्या, चाळायच्या. इथं क्लबानं सगळं करून ठेवलेलं!

पहिल्या दिवाळीला ढिगाचा अर्धा डोंगर उतरला. मी पहाटे जाऊन उभा राहिलो तर टोपलं घेऊन सुखदेवची म्हातारी आई, अंजनाबाई, आली. मी पाटी दाखवली. तिनं पाटीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "काय लिवलं हाये?"

"सभासदांखेरीज प्रवेश नाही."

"बरं हाये," ती म्हणाली. "गुरं तं नाई येनार." आणि टोपलं भरायला बसली.

त्यानंतर दर वर्षी आम्ही दसऱ्याआधी ढीग घालायचो आणि दिवाळीपर्यंत गावाच्या भिंती पांढऱ्या व्हायच्या. बायांनी एक सभ्यपणा पाळला. माती त्या मागच्या बाजूनं नेत. समोरून बघावं तर ढीग भरदार, मागून बघावं तर गुहा.

* * *

आणि मग तपासणी आली.

फौजेतून निवृत्त झालेले एक कॅप्टन साहेब, मूळ जबलपूरकडचे, जिल्ह्याजिल्ह्यांतल्या चांदमाऱ्या तपासत फिरत होते. रेंज धोक्याचा वाटला तर क्लब बंद. तारीख ठरली ती दिवाळीनंतरची. मी तारीख पुन्हा पुन्हा वाचली. कैक वर्षांनी मला देव आहे असं वाटलं. वाचनालयात जाऊन ग्रंथपालाला सांगून ठेवलं, पुढच्या रविवारपासून मी स्वतः येईन.

कॅप्टन आले. मिशी पांढरी, पाठ सरळ, बोलणं कमी. धाबे वकिलांनी त्यांना समोरूनच ढीग दाखवला आणि लगेच पोह्यांकडं वळवायला लागले. डॉक्टर गरम चहा गार होण्याचे दुष्परिणाम सांगायला लागले. मी पुढं झालो. "साहेब, मागची बाजू बघायची राहिली."

वकिलांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी त्यांच्याच अशिलावर उलटलेला साक्षीदार होतो.

ढिगामागं गुहा होती आणि गुहेत अंजनाबाई टोपलं भरत होती. दिवाळी झाली होती, पण तिचा स्वयंपाकघराचा एक कोपरा राहिला होता. तिनं पदर सारखा केला आणि काम चालू ठेवलं.

कॅप्टननं विचारलं, ही माती कोण नेतं. मी वऱ्हाडीत विचारलं, तिचं उत्तर हिंदीत सांगितलं. नोकरीत इतकं बिनचूक भाषांतर मी कधी केलं नव्हतं.

"आमीच नेतो जी. भिती पोतारा लागते."

"तो सामने से क्यों नहीं लेतीं?"

अंजनाबाईनं टोपलं खाली ठेवलं. "पह्यले वाटलं, समोरच्या मातीत गोया असन. लक्ष्मीच्या भितीले शिसं कोन लावते? मंग एक डाव सारी पाहून घेतली. समोरची बी साफच हाये. एक गोयी सापडली नाई. पन म्हटलं राहू द्या, साहेब लोकाइची शोभा जाईन."

मी शब्द न शब्द सांगितला. धाबे वकिलांनी त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदा हरकत घेतली नाही. डॉक्टर आभाळाकडं बघत होते.

कॅप्टननं हातातल्या छडीनं समोरची माती उकरून बघितली. इथं, तिथं, वर, खाली. बराच वेळ बघितली. मग माझ्याकडं वळले.

"कभी किसी आदमी को लगी?"

"नाही, साहेब."

"जानवर को?"

मला म्हैस आठवली. "नाही."

"और बट को भी नहीं."

"बट को भी नहीं," मी उत्साहानं म्हटलं. मला वाटलं, झालं.

कॅप्टननं मिशीवरून हात फिरवला, खिशातून पेन काढलं आणि माझ्याच पाठीवर कागद ठेवून सही केली. "आदमी को नहीं लगी, जानवर को नहीं लगी, मिट्टी को भी नहीं लगी. इससे ज़्यादा सेफ रेंज मैंने हिंदुस्तान में नहीं देखा." मग कागद वकिलांच्या हातात देत म्हणाले, "और सेक्रेटरी यही रहेंगे. आदमी सच बोलता है."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मंडळी कॅप्टनना घेऊन पोह्यांकडं गेली. मी ढिगाला टेकून उभा राहिलो.

अंजनाबाईला हिंदी कळली नव्हती, पण टाळ्या कळल्या होत्या. तिनं टोपलं डोक्यावर घेतलं आणि जाता जाता थांबली.

"पुढच्या सालीही तूच हायेस ना, बाबू? मंग माती जरा बारीक चाळजो. यंदा खडे लागले."