थेल्माने परत पुरलेलं सोनं

लिओनोरा गावाच्या आसपास सोनं शोधणाऱ्यांची एक रीत आहे. खणलेला खड्डा बुजवायचा आणि मगच पुढचं पाऊल टाकायचं. हाताला सोन्याचा खडा लागो नाहीतर गंजका खिळा, खड्डा बुजवायचा म्हणजे बुजवायचा. उघड्या खड्ड्यात गुरांचे पाय मोडतात हे एक झालं. पण खरी गोष्ट अशी, की उघडा खड्डा म्हणजे मागून येणाऱ्या माणसाच्या तोंडावर थुंकणं. क्लॅरी पेंगेली एकतीस वर्षं डिटेक्टर, म्हणजे जमिनीतला धातू कानात आवाज करून सांगणारं यंत्र, घेऊन या लाल मातीत फिरला. त्याचा एक उघडा खड्डा दाखवा, मी मिशी उतरवून देईन.

दुसरी रीत साखळीची. यंत्राची थाळी जमिनीवरून फिरवत क्लॅरी पुढे चालायचा आणि कमरेला बांधलेली साखळी मागे घासत यायची. मातीत रेघ उठली, म्हणजे तेवढी पट्टी ऐकून झाली. दुसऱ्याने ती रेघ पाहायची आणि आपला वेळ दुसरीकडे घालवायचा. वाऱ्याने पुसेपर्यंत ती रेघ म्हणजे दिलेला शब्द. दारूच्या गुत्त्यात हे लोक जन्मभर थापा मारतील, पण साखळीत खोटं बोलणार नाहीत.

क्लॅरीची बायको थेल्मा गाडी चालवायची, राखेत पाव भाजायची, चहाची किटली ठेवायची आणि संध्याकाळी साखळी पुसून टांगायची. यंत्राला तिने कधी हात लावला नव्हता. हा त्यांचा संसार, आणि बरा चालला होता.

त्या संसारात वॉली टॉन्किन वीस वर्षं जेवला. क्लॅरीचा जिवाभावाचा मित्र. स्वतःचा पाव त्याने कधी भाजला नाही. 'थेल्मा, तुझ्या हाताला चव आहे,' म्हटलं की झालं, ताट पुढे यायचं. एका जूनमध्ये क्लॅरीला मल्ग्याच्या झुडपांमागच्या एका घळीत सोनं लागलं. पहिल्याच दिवशी पाच खडे. संध्याकाळी त्याने ते वॉलीच्या तळहातावर ठेवले आणि जागा कुठली तेही सांगून टाकलं. थेल्माने डोळ्यांनी दटावलं, पण क्लॅरी म्हणाला, "अगं, वॉली आहे तो." खुंट्या ठोकून जागा नावावर करायचंही त्याने उद्यावर टाकलं.

तिसऱ्या दिवशी क्लॅरीच्या छातीत कळ आली. थेल्माने त्याला गाडीत घातलं, वॉलीला म्हणाली, "तळाकडे लक्ष ठेव," आणि कालगुर्लीचा दवाखाना गाठला. एकोणीस दिवस ती तिथल्या खुर्चीवर बसून होती.

परत आले तर वॉलीचा तंबू उठलेला. आणि घळीत खड्डे. एक दोन नाही, चाळीस पंचेचाळीस, सगळे आ वासून पडलेले. मेल्याने चोरी केली ती केली, निदान खड्डे तरी बुजवायचे.  बुटाने माती लोटून पहिला खड्डा क्लॅरीने बुजवला. मग दुसरा. थेल्मा म्हणाली, "अहो, डॉक्टरांनी काय सांगितलंय?" तो म्हणाला, "उघडे कसे ठेवायचे?" दोन दिवस तो दुसऱ्याने केलेले खड्डे बुजवत राहिला. त्यानंतर त्याने हेडफोन कानाला लावले नाहीत. पुढच्या ऑगस्टमध्ये तो गेला. डॉक्टर म्हणाले हृदय. थेल्माच्या हिशेबी ते खड्डे.

अंत्यविधीला वॉली आला. धुतलेला शर्ट, भांग पाडलेला, आणि गळ्यात साखळीला अडकवलेलं सोन्याचं ढेकूळ, चांगलं अंगठ्याएवढं. त्याने थेल्माच्या खांद्यावर हात ठेवला. "क्लॅरीसारखा माणूस पुन्हा होणे नाही," म्हणाला. थेल्मा त्याच्या तोंडाकडे बघत नव्हती. ती गळ्याकडे बघत होती. माझ्या नवऱ्याचं सोनं गळ्यात घालून हा माझ्या नवऱ्याला माती द्यायला आलाय, हे तिच्या डोक्यात असं बसलं की तिला रडूही आलं नाही. गुत्त्यात कुणी टोकलं तर वॉली हसून म्हणायचा, "जमीन कुणाच्या बापाची नाही, गड्या. ज्याच्या हाताला लागलं त्याचं."

त्या दिवशी तिने मनाशी ठरवलं. याला मारायचं नाही, शिव्याही द्यायच्या नाहीत. सोन्यापायी जसा तिचा नवरा मातीत बसला, तसा याला मातीत बसवायचा, आणि डोळ्यांदेखत.

मग ती यंत्र शिकली. साठीला आलेली बाई हेडफोन लावून उन्हात वाकते म्हणून लोक हसले. तीही हसली. पहिल्या वर्षी तिने खिळ्यांनी डबा भरला. दुसऱ्या वर्षी खिळ्याचा आवाज आणि सोन्याचा आवाज वेगळे पडायला लागले. खिळा वचावचा भांडतो. खोलवरचं सोनं घरातल्या मोठ्या माणसासारखं हळू हुंकारतं. पाचव्या वर्षापर्यंत ती क्लॅरीच्या तोडीची झाली होती. तोवर वॉली जसाच्या तसा होता. त्याची स्वतःची अक्कल कधी चाललीच नाही, तो दुसऱ्याच्या चाकांच्या खुणा धरून फिरायचा. कोण कुठल्या रस्त्याने गेलं, कोण जास्त पाणी भरून गेलं, एवढंच त्याचं शास्त्र.

सहाव्या वर्षी, सात जूनला, थेल्मा एका ओसाड सपाटीवर गेली. मैलोन्मैल एकच मोठं झाड, एक जुनाट कुराजाँग, तेवढीच सावली. डबा खायला ती तिथे टेकली आणि जाता जाता थाळी फिरवली. खालून हुंकार आला. लांब, मऊ, खोल. ती खणत गेली. गुडघ्याइतका खड्डा झाला तेव्हा कुदळीच्या टोकाला पिवळं चमकलं. तिने हाताने माती सारली. मूठ कमी पडेल एवढं सपाट ढेकूळ. जन्मात एकदा दिसतं, आणि बहुतेकांना तेही नाही.

ती खड्ड्याच्या काठावर बसली. आधी क्लॅरी आठवला, आणि सहा वर्षांत पहिल्यांदा ती पोटभर रडली. डोळे पुसले तेव्हा वॉली आठवला. मग तिने जे केलं ते आमच्याकडे आजवर कुणी केलं नसेल. सापडलेलं सोनं तिने परत पुरलं.

खड्डा बुजवून, चोपून सपाट केला. त्यावर दगड मांडून चूल रचली, लाकडं पेटवली, राख होऊ दिली. झाडाभोवती जुने डबे, खिळे, तारेचे तुकडे फेकले, म्हणजे यंत्र तिथे नुसतं बोंबलत राहील. आणि मग कमरेला क्लॅरीची साखळी बांधली. यंत्र बंद करून गाडीत ठेवलं आणि साखळी ओढत झाडाभोवती पट्टीशेजारी पट्टी ती चालत राहिली.  क्लॅरीच्या साखळीने ती खोटं बोलत होती, आणि ते तिला चांगलं ठाऊक होतं. "मला माफ कर हं," ती मोठ्याने म्हणाली, आणि पुढची पट्टी ओढली.

उरलेलं काम सोपं. हाकेच्या अंतरावरच्या ओढ्यात तिने वीसेक खड्डे खणले आणि मुद्दाम वरवर बुजवले. तीन चार खड्ड्यांत स्वतःच्या बरणीतले सोन्याचे बारीक दाणे सोडले, बाकीच्यांत बंदुकीचे शिशाचे छर्रे. मग आठवडाभर ती रोज त्याच रस्त्याने मऊ धुळीतून गाडी नेत राहिली आणि गावात येऊन दुप्पट पाणी भरत राहिली. वॉली गुत्त्याच्या व्हरांड्यात बसलेला असायचा. चौथ्या दिवशी त्याने विचारलं, "काय थेल्मा, बरीच तहान लागते हल्ली?"

"वय झालं," ती म्हणाली, आणि नजर चुकवली. नजर चुकवणं तिला छान जमलं.

आठवड्याने ती जायची थांबली. दोन दिवसांत वॉलीचा तंबू कुराजाँगखाली. दुसरीकडे कुठे लावणार? आणि आयती चूल कोण सोडतो?

आता थेल्माच्या जिवाला घोर. पैज मोठी लावून बसली होती. त्याने एकदा जरी चुलीवर थाळी फिरवली असती, तर क्लॅरीच्या सोन्यावर हेही गेलं असतं, आणि यावेळी तिच्याच हाताने. समोरच्या टेकाडाआड गाडी लावून ती दुर्बीण डोळ्याला लावायची. वॉली ओढ्यात खणायचा, छर्रा निघाला की हात झटकायचा, दाणा निघाला की कंबर सरळ करून नाचायचा. नवव्या दिवशी यंत्र चालू ठेवूनच तो झाडाकडे आला. थाळी डब्यांवरून गेली. तो थांबला, खाली साखळीच्या रेघांकडे पाहिलं, चुलीकडे पाहिलं. थेल्माने ओठ दाताखाली धरला. वॉलीने हेडफोन ओरबाडून काढले, एक डबा लाथेने उडवला आणि चुलीवर मटणाच्या चॉप्स भाजायला घेतल्या. थेल्माच्या ओठाचं रक्त हनुवटीपर्यंत आलं होतं.

तिसऱ्या आठवड्यात म्हातारा इव्हो तिच्या दारात आला. इव्होचे आजोबा समुद्रापलीकडून इथल्या खाणीत आले होते. इव्होच्या शब्दाला सगळीकडे वजन, आणि त्याच्या पोटात काही राहत नाही हेही सगळ्यांना माहीत.

"थेल्मा, तो हरामखोर तुझ्या जागेवर बसलाय. कळलं का?"

"कळलं. रविवारी मोकळा आहेस?"

"का?"

"नुसता ये. आणि डोळे उघडे ठेव."

रविवारी दुपारी दोघं गेले. वॉली चुलीजवळ खुर्ची टाकून बसला होता, किटली उकळत होती, गळ्यातलं ढेकूळ शर्टाबाहेर. गाडी पाहून तो जरा गडबडला, मग हसला.

"या, या. चहा घेणार? थेल्मा, भांडायला आली असशील तर ऐक, जमीन कुणाच्या बापाची नाही."

"नाहीच," थेल्मा म्हणाली. "ज्याच्या हाताला लागलं त्याचं. बरोबर ना, वॉली?"

"हे तू शहाण्यासारखं बोललीस."

"इव्हो, ऐकलंस ना?" इव्होने मान हलवली. थेल्माने किटली उचलली आणि सगळा चहा चुलीत ओतला. वाफेचा लोट उठला.

"अगं ए, वेड लागलं का तुला?"

थेल्माने बुटाने दगड बाजूला लोटले, यंत्र चालू केलं आणि हेडफोन स्वतःच्या नाही, वॉलीच्या कानांना लावले. "ऐक. माझ्या हाताला चव आहे म्हणायचास ना? मग चाख."

"इथे साखळी फिरलीय, बाई. मी काय आंधळा…" एवढं तो बोलला. थाळी राखेवरून गेली आणि त्याचं वाक्य तिथेच राहिलं. तीस वर्षं यंत्र घेऊन फिरलेला माणूस, त्याला आवाज कळायला वेळ लागत नाही. त्याचा चेहरा राखेसारखा झाला. थेल्माने थाळी पुन्हा फिरवली, सावकाश, आणि पुन्हा एकदा.

मग तिने कुदळ घेतली. वॉली पुढे सरकला तसा इव्हो मध्ये उभा राहिला. "बस तू," इव्हो म्हणाला. गुडघ्याइतकं खणून थेल्माने दोन्ही हातांनी ढेकूळ वर काढलं, सोबतच्या पाण्याने धुतलं आणि वॉलीच्या नाकासमोर धरलं. इव्होने टोपी काढली.

"बावीस दिवस," थेल्मा म्हणाली. "बावीस दिवस तू यावर मटण भाजलंस."

इव्होला हसू आवरेना. "काखेत कळसा आणि गावाला वळसा. अरे वॉली, ओढ्यात काय शोधत होतास रे?"

वॉलीने खड्ड्याच्या कडेची माती चिमटीत घेऊन चोळली. "माती मऊ होती," तो म्हणाला. "तू आधीच काढलं होतंस."

"सात जूनला."

"साखळीत खोटं बोललीस. थेल्मा, इथे साखळीत कुणी खोटं बोलत नाही."

"मित्र दवाखान्यात असताना त्याच्या जागेवरही इथे कुणी खणत नाही." तिचा आवाज आता फाटला. "तो छातीवर हात ठेवून तुझे खड्डे बुजवत होता. तुझे. मी बघत होते. तुझं बरं व्हावं असं मला एक दिवसही वाटलं नाही, वॉली, आणि पुढेही वाटायचं नाही. आता गुत्त्यात बसून सांग सगळ्यांना, ज्याच्या हाताला लागलं त्याचं. तू नाही सांगितलंस तर इव्हो सांगेल."

वॉलीचा हात गळ्यातल्या ढेकळाकडे गेला आणि तिथेच मिटला. 

थेल्माने सोनं रुमालात बांधलं आणि यंत्र खांद्याला लावलं. इव्हो सवयीने खड्ड्यात बुटाने माती लोटायला लागला. थेल्माचाही पाय उचलला गेला होता. तिने तो परत खाली ठेवला.

"राहू दे, इव्हो. याला उघडे आवडतात."

गाडी धुळीत शिरली तेव्हा इव्होने आरशात पाहिलं. वॉली पालथा पडला होता, एक हात खांद्यापर्यंत खड्ड्यात.

"अजून चाचपतोय," इव्हो म्हणाला.

"चाचपू दे," थेल्मा म्हणाली, आणि गाडी क्लॅरीच्या घळीच्या रस्त्याला वळवली.