वाजणारा डबा

गटारात गाळ साचतो तसे आमच्या धंद्यात किस्से साचतात, आणि उपसायला बसलं की संपतच नाहीत! पेण ते रोहा, जिथे ड्रेनेजचं चेंबर उघडायचं तिथे मी गॅस मीटर घेऊन हजर. दोरीला बांधून मीटर आत सोडायचा, वाजला नाही तरच माणूस उतरणार, असा नियम. पण गँगचे मुकादम धर्माभाऊ, गडब गावचे, मीटरला 'डबा' म्हणायचे आणि बिनधास्त स्वतःच आधी उतरायचे. "वास नाय, म्हंजे गॅस नाय!"

हा गॅस आधी नाकच बधिर करतो, हे मी त्यांना शंभरदा सांगितलं. एक दिवस हा माणूस वर येणारच नाही, अशी भीती मला कायम असायची.

* * *

सकाळी टेम्पोपाशी मीटर चालू केला आणि गँगमधला सदू जवळ आला, की मीटर बोंबलायचाच! दारूच्या वाफेलाही तो वाजतो, हे बिचाऱ्याला काय माहीत!

सदूने हात जोडले. "साहेब, घरी बायकोला कळलं नाय, नि ह्या डब्याला कळलं!"

* * *

वरसे गावात एका काकूंनी आम्हाला अडवलं. "गॅस मोजता ना? मंग माझा सिलिंडर कवा संपंल, सांगा की!"

सदूने मीटर शेगडीपुढे धरला आणि गंभीर चेहऱ्याने सांगितलं, "गौरी जेवल्या की संपंल."

आणि खरंच तसाच संपला की हो! तेव्हापासून वरसेत आम्हाला चहा कायमचा.

* * *

दसऱ्याला गँगने अवजारांबरोबर मीटरचीही पूजा केली. हळद-कुंकू थेट सेन्सरच्या जाळीवर! मीटर ठार बहिरा. मी भडकलो.

"साहेब, देवाला लावतो तेच लावलं," सदू म्हणाला.

"अरे, देवाला श्वास घ्यावा लागत नाही, याला लागतो!"

* * *

आता चेंबरातच सेन्सर बसवलेत, मी ऑफिसात बसून मोबाईलवर आकडे बघतो. काम सोपं झालं, पण ती माणसं फार आठवतात. त्यातही धाटावचा तो दिवस.

धर्माभाऊंचा जावई नितीन गँगमध्ये नवीन लागला होता, पहिल्यांदाच उतरणार होता. मी मीटर सोडला. वाजला नाही.

"परत सोडा," धर्माभाऊ म्हणाले.

परत सोडला. शांत.

"दुसरा आना."

रोह्याहून दुसरा मीटर मागवला. तोही शांत! नितीन पट्टा बांधून उन्हात ताटकळत उभा. सदूला राहवलं नाही. "भाऊ, तुमी तर काय न बघता उतरायचा!"

धर्माभाऊंनी जावयाची दोरी दोन्ही हातांत घट्ट धरली.

"तवा जीव माझा व्हता. ह्यो माझ्या पोरीचा हाय!"