कागदी कप

कॉफीचा कागदी कप तिनं पायरीवर ठेवला. माझ्या हातात नाही. मी उचलला आणि वर ‘थँक्यू’ म्हणाले. आठवलं की आजही स्वतःचीच शिसारी येते.

कुंभकोणमच्या त्या घरी मी त्यांच्या मुलीला इंग्रजी शिकवायचे. पहिल्या दिवशी बैठकीत बसवलं, पितळी पेल्यातून कॉफी दिली. मी मराठी बोलले तशी मुलीची आई हरखली, तमिळ वळणाच्या तंजावरी मराठीत म्हणाली, "आपलेच माणूस की मा तू! वडील काय करतात?"

"बसस्टँडजवळ चपला शिवतात."

तिचे पूर्वज तंजावरच्या दरबारात कारकून. माझे पूर्वज त्याच दरबारातल्या घोड्यांची खोगिरं शिवणारे. एकाच मराठी मुलखातून इकडे आलेले, एकच भाषा बोलणारे. पण दुसऱ्या दिवसापासून माझी शिकवणी बाहेरच्या ओट्यावर. कॉफी कागदी कपातून. रिकामा कप त्यांच्या बादलीत टाकायला गेले, तर म्हणाली, "इथें टाकू नको मा, जाताना घेऊन जा."

मी घेऊन गेले. आठ महिने. माझ्या पर्सला नासक्या दुधाचा वास यायचा. आई विचारायची, मी काहीतरी थाप मारायचे. शिकवणी सुटेल ही भीती. दुसरं काय.

मग एका संध्याकाळी धडा आला जवळच्या अर्थाच्या शब्दांचा. गेस्ट आणि व्हिजिटर. मी सांगितलं, गेस्टचं आपण आदरातिथ्य करतो. व्हिजिटर कामापुरता येतो, जातो. दोन वाक्यं लिही.

मुलीनं इंग्रजीत सुरेख अक्षरात लिहिलं: गेस्ट पितळी पेल्यातून कॉफी पितो. व्हिजिटर आपला कप आपल्याबरोबर घेऊन जातो.

नऊ वर्षांची पोर. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. रोज दिसायचं तेच लिहिलं होतं. मी लाल पेनानं बरोबरची खूण केली.

तेवढ्यात तिची आई कप घेऊन आली. मी म्हटलं, "पेल्यात द्या. नाहीतर नको."

ती हसली. शिकलेली बाई. "अम्ही डिस्क्रिमिनेशन करत नाही मा. डिफरन्स आहे, तो पाळतों. इतकंच."

शब्दाशब्दांतला हा फरक मला ती शिकवणार!

मी उठले. भरलेला कप पायरीवर तसाच. मागून तिचा आवाज आला, "कप! कप कोण उचलणार?"

मी वळले नाही.

आता शिकवायला मी कुणाच्या ओट्यावर जात नाही. ज्याला शिकायचं त्यानं माझ्या घरी यायचं, माझा बाप पितो त्याच पेल्यातून प्यायचं. जमत नसेल त्यानं पायरीवरूनच परत जायचं. त्या मुलीनं बरोबर लिहिलं होतं. आठ महिने तो कप उचलून नेत मी चुकत होते. ती चूक पुन्हा होणार नाही.