प्रफुल्लच्या दोन केट्या

"…दोन केट्या हायेत माह्या. बाबाले मालूम पडलं तर खलास! पहिलीच सुटून नाही राह्यली, अन् आता दुसरी लागली…"

एवढं ऐकलं आणि रस्त्यावरून कोळशाचा ट्रक गेला. पुढचं सगळं धुरळ्यात!

आता माझी फजिती कुठून सांगायला घेऊ? मी गच्चीवर मिरच्या वाळत टाकत होते. खाली शेजारच्या कुंदाताईंचा प्रफुल्ल भिंतीला चिकटून फोनवर कुजबुजत होता. यवतमाळला इंजिनियरिंगला असतो, सुट्टीत वणीला आलेला. आमची शीतलही त्याच्याच वर्गात. पण ती पडली अभ्यासू! प्रोजेक्ट आहे म्हणून हॉस्टेलवरच थांबलेली.

केटी! आमच्या अख्ख्या वणीत या नावाची म्हैससुद्धा नाही हो. आणि याच्याजवळ दोन-दोन?

मला काही बसवेना. आत गेले, बाहेर आले. चहा ठेवला, उतू गेला. बाप ट्रक चालवून शिकवतो आणि पोराचे हे धंदे? शेवटी चपला न घालताच शेजारी गेले.

"कुंदाताई, पोराकडं लक्ष हाय का तुमचं?"

"काहून व वयनी?"

"दोन हायेत त्याच्या!"

"दोन काय?"

"केट्या! एक सुटत नाही म्हणे, अन् दुसरी लागली!"

कुंदाताई मटकन खाली बसल्या. "व माय! दोघी?"

मला काय माहीत, भाऊजी आत जेवत बसलेत! ते उष्ट्या हातानंच बाहेर आले. "पफ्या! कॉलेज बंद. उद्यापासून माह्यासंगं ट्रकवर!"

प्रफुल्ल धावत आला. चेहरा पांढराफटक. "बाबा, या परीक्षेत दोन्ही सोडवतो ना!"

"पोरी काय परीक्षेत सोडवतेत, भोकन्या?"

"पोरी? कोणत्या पोरी? केटी म्हंजे नापास विषय! अलाउड टू कीप टर्म. विषय राह्यला तरी पुढच्या वर्गात बसू देते."

अरे देवा! आमच्या वेळी असं काही असतं तर नववीतच कशाला थांबले असते मी?

"नापासच झाला ना फक्त? देव पावला!" कुंदाताईंनी हातच जोडले. भाऊजीही निवळले. "दोन्ही सोडवून दाखव. नाही तं ट्रक हायेच."

विषय तिथंच मिटला होता. पण मी गप्प बसेन तर ना!

"एवढंच होतं, तर भिंतीआड लपून कोणाशी बोलून राह्यलता रे?"

प्रफुल्ल पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरायला लागला.

"बोल ना!"

"शीतलसंगं, काकू."

"मंग? समजावून सांगत असंन बिचारी."

"नाही… तिनं शपथ घातली होती, तुमाले नाही सांगाची." त्यानं एकदा बापाकडे पाहिलं. "तिच्या तीन हायेत."

मग कुंदाताईंनी पदर झटकला, सावकाश उठल्या आणि अगदी प्रेमानं विचारलं,

"वयनी, पोरीकडं लक्ष हाय का तुमचं?"