कातडीचा कॅन्सर आणि आमची पेशंट मंडळी

लोकांना वाटतं, कॅन्सरच्या वॉर्डात सगळे रडतच बसलेले असतात. मी संभाजीनगरच्या एका हॉस्पिटलात सिस्टर आहे, कातडीच्या कॅन्सरचे पेशंट बघते. घरी गेले की नवरा विचारतो, "आज काय झालं?" मग चहा गार होतो, पण माझं सांगणं संपत नाही!

*

पाचोडचे एक मामा आले. नाकाच्या कडेला मोत्यासारखा चकचकीत फोड, मधोमध खपली.

आमचे डॉक्टर सर म्हणाले, "कधीपासून आहे?"

"जन्मापासून. तीळ हाय तो."

मागून मामी म्हणाल्या, "लग्नात तर नव्हता!"

"तुला काय म्हाईत? लग्नात तू मान तरी वर केली का?"

तुकडा तपासला तर कॅन्सर निघाला. हळू वाढणारा, सहसा दुसरीकडं न पसरणारा. सरांनी तो पुरता काढला. टाके काढल्यावर मामी निरखून म्हणाल्या, "आता लग्नातल्यावानी दिसतंय."

मामा उठूनच बसले, "म्हंजे बघितलं होतंस की!"

*

शहागंजातले एक कापडवाले चाचा. त्यांचं अर्धं नाक काढावं लागलं. मग सरांनी कपाळाची कातडी खाली वळवून नवीन नाक केलं. ती कातडीची पट्टी काही आठवडे कपाळापासून नाकापर्यंत तशीच लोंबती ठेवावी लागते. चाचा तसेच दुकानात बसायचे!

मी विचारलं, "गिऱ्हाईकं घाबरत नाहीत?"

"सिस्टर, नसीब माथे पे लिखा रहता बोलते. तुम्हारे डॉक्टर ने तो मेरा नसीबच नाक पे ला के रख दिया!"

*

एका आजींच्या गालावर गाठ होती. वयामुळं ऑपरेशन नको, रेडिएशन देऊ, असं ठरलं. आमच्याकडं त्याला सगळे 'लाईट देणं' म्हणतात.

"आजी, तुम्हाला लाईट द्यायचीय."

"द्या की! गावात तर दिवसदिवस नसती."

मशीनखालून बाहेर आल्या त्या नाराज. "उजेड नाय, चटका नाय, काईच नाय. ही बी आमच्या गावचीच लाईट दिसती!"

गाठ मात्र विरघळली.

*

क्रांती चौकाजवळच्या एक रिटायर्ड बाई. पायाच्या तळव्यावर काळा डाग. डांबर असेल म्हणून त्या रोज वजरीनं घासत राहिल्या. तपासला तर कॅन्सर, हा मात्र वाईट जातीचा, पसरणारा. मोठं ऑपरेशन झालं. अजूनही दर तपासणीला येतात, आम्ही सगळे श्वास रोखून रिपोर्ट वाचतो. बाई निवांत.

मागच्या वेळी सांगत होत्या, "आता घरी येईल त्याचे तळवे बघते. जावईबापूंना म्हटलं, तळवे दाखवा. त्यांनी हात पुढं केले! म्हटलं, अहो, भविष्य नाही बघत, बूट काढा!"

*

आणि एक काका. लहानपणी शेकोटीत पाय भाजलेला. त्या जुन्या व्रणावर जखम उठली, ती भरेचना. हळद झाली, पाला झाला, मलमं झाली. आमच्याकडं आले तोवर कॅन्सर हाडापर्यंत गेलेला. गुडघ्याखाली पाय काढायचा ठरलं.

काकांनी गुडघ्यावर हात ठेवला. मग एवढंच म्हणाले, "गुडघा ऱ्हातोय ना?"

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी मी वॉर्डात गेले, तर काकू घमेल्यात कोमट पाणी घेऊन बसलेल्या. पट्टी भिजू न देता तोच पाय धूत होत्या. नखंसुद्धा कापली होती.

मला राहवेना. हळूच म्हटलं, "काकू, हा पाय तर आज काढणारेत."

काकूंनी एकेक बोट टॉवेलनं टिपलं.

"व्हय. म्हणून आधी ह्यो घेतला. दुसरा काय, घरी गेल्यावर बी धुता येईल."